बॅक्लोफेन विषबाधा

स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी दिले जाणारे बॅक्लोफेन हे औषध शरीरात प्रमाणाबाहेर साठल्याने होणारी विषबाधा. गोळ्या एकदम जास्त घेतल्याने ती होते, तशीच मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला अगदी नेहमीच्या मात्रेनेही होते. रुग्ण गाढ बेशुद्ध होतो, श्वास मंदावतो, कधी कधी तर तो मृतवत दिसतो. मात्र श्वासाला वेळेवर आधार मिळाला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

‘स्नायू शिथिल करणारे औषध’ या नावाने थोडी दिशाभूल होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ वापरतात ती व्हेक्युरोनियमसारखी इंजेक्शने चेता आणि स्नायू जिथे जोडलेले असतात तिथे काम करतात. त्यांनी स्नायू लुळे पडतात, पण शुद्ध जात नाही (म्हणून तर भूल वेगळी द्यावी लागते). बॅक्लोफेनचे काम मज्जारज्जूत आणि मेंदूत चालते. चेतापेशींना आवर घालणारे गाबा नावाचे द्रव्य शरीरात असते. त्याच्या ‘बी’ प्रकारच्या ग्राहींवर (पेशीवरील संदेश पकडणाऱ्या जागांवर) बसून बॅक्लोफेन स्नायूंकडे जाणारे संदेश मंद करते. मात्रा वाढली की हाच मंदपणा शुद्ध, श्वास आणि हृदयाच्या ठोक्यांपर्यंत पोहोचतो.

हे औषध १९६२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी अपस्मारावरचा उपाय म्हणून तयार केले. अपस्मारावर ते फारसे चालले नाही; ताठरपणावर मात्र गुणकारी ठरले. मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जारज्जूची इजा, सेरेब्रल पाल्सी यांत ते दिले जाते. प्रौढांना सहसा ५ मिग्रॅ. दिवसातून तीनदा अशी सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवतात. फ्रान्समध्ये २०१८ साली दारूचे व्यसन सोडवण्यासाठीही त्याला परवानगी मिळाली, दिवसाला कमाल ८० मिग्रॅ. या मर्यादेत. बॅक्लोफेन आणि दारू पोटात एकत्र आली की गुंगी आणि श्वासाची मंदी दोन्ही वाढतात.

औषधाचा बहुतांश भाग न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो, आणि दवाखान्यातली एक नेहमीची चूक इथूनच सुरू होते. न थांबणाऱ्या उचकीवर बॅक्लोफेन देण्याची पद्धत आहे, आणि उचकीचा त्रास मूत्रपिंडाच्या रुग्णांना पुष्कळ होतो. अशा रुग्णाने दोन-चार गोळ्या घेतल्या की तो असंबद्ध बोलू लागतो, झोपाळतो, झटके देतो. घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही तो पक्षाघात वाटतो. औषधांची यादी विचारली तर उलगडा लगेच होतो.

मोठ्या मात्रेत स्नायू पूर्ण सैल पडतात, अंग गार पडते, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो किंवा उलट वाढतो. झटकेही येऊ शकतात. बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, खोकल्याची आणि डोळ्यांची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते, मेंदूच्या विद्युत आलेखात मोठे सपाट तुकडे दिसतात. मेंदूमृत्यूचे हुबेहूब सोंग म्हणावे असे हे चित्र. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरवताना किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. परंतु अंगात बॅक्लोफेन असेल तर सहा तास काहीच नाहीत. ते उतरेपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही.

घरी असे घडले तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला कुशीवर वळवावे, श्वास चालू आहे ना याकडे लक्ष ठेवावे आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट बरोबर न्यावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची आपल्याकडची जुनी सवय इथे घातक ठरते, कारण सुस्तावलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला १८०० ११६ ११७ या क्रमांकावर मिळतो.

बॅक्लोफेनवर उतारा नाही. डायझेपामसारख्या औषधांवर चालणारे फ्लुमॅझेनिल इथे निरुपयोगी, कारण त्याचा संबंध गाबाच्या ‘ए’ ग्राहींशी आहे. त्यामुळे उपचाराचा गाभा एकच: श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावणे आणि वाट पाहणे. एक-दोन दिवस लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. रक्तातील साखर सुरुवातीलाच तपासतात. रुग्ण तासाभरात पोहोचला आणि श्वासमार्ग सुरक्षित असला तर पोटातले औषध शोषून धरणारा सक्रिय कोळसा देतात. झटक्यांना लोराझेपाम, फार मंद नाडीला ॲट्रोपीन, घसरलेल्या रक्तदाबाला सलाइन आणि लागल्यास नॉरॲड्रिनॅलिन. मूत्रपिंडे निकामी असतील तर डायलिसिसने औषध चांगले निघते. रेणू लहान आहे आणि रक्तातील प्रथिनांना फारसा चिकटत नाही.

कंबर धरली, मान आखडली म्हणून आपल्याकडे मिळणाऱ्या गोळ्यांत क्लोरझोक्साझोन किंवा थायोकोल्चिकोसाइडसोबत पॅरासिटामॉल आणि एखादे वेदनाशामकही असते. तिथे स्नायूंच्या औषधापेक्षा पॅरासिटामॉलमुळे यकृताला होणारा धोका मोठा असू शकतो आणि त्यावरचा उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, लवकर, शक्यतो आठ तासांच्या आत सुरू करावे लागते. पाकीट बरोबर नेण्याचा आग्रह त्यासाठीच.

गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असतील तर शुद्ध आल्यावर मनोविकारतज्ज्ञाची भेट हा उपचाराचाच भाग असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे शिक्षेच्या भीतीने खरे लपवण्याचे कारण नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उत्तर देतो.

महिनोन्महिने बॅक्लोफेन घेणाऱ्यांत एक उलटा धोका उरतो. विषबाधा उतरताच औषध तुटल्यामुळे भास, ताप, झटके आणि पूर्वीपेक्षा जास्त ताठरपणा येतो, म्हणून रुग्ण जागा झाल्यावर तेच औषध थोड्या मात्रेत पुन्हा सुरू करावे लागते. पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेट औषध सोडलेल्या रुग्णांत तर दोन्ही टोके अधिक तीव्र असतात: अतिमात्रेत आधी पंप बंद करतात, आणि तो किती काळ बंद ठेवायचा हे तासागणिक पाहून ठरवतात.