थेंब टाकायचे की नाही? गावपातळीवरच्या पडदा-तपासणीची पार्श्वभूमी

मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला आहे का हे पाहण्यासाठी त्याचा फोटो गावातच काढायचा आणि शहरातल्या डॉक्टरांकडून वाचून घ्यायचा, ही पद्धत तमिळनाडूत २००३-०४ च्या सुमारास उपग्रहाच्या डिशवाल्या गाड्यांतून आली. उपग्रह महाग पडे. पुढे साधारण ५० हजार वस्तीमागे एक अशी दृष्टिकेंद्रं उघडली आणि थेनी परिसरात ती लांब पल्ल्याच्या वाय-फायने मुख्य रुग्णालयाला जोडली गेली. समोरासमोर रोखलेल्या अँटेनांच्या मध्ये झाड आलं तरी जोडणी तुटे. त्याहून जास्त त्रास विजेने दिला: दाब उसळला की यंत्रं जळत.

पण जोडणी सुधारली तरी फोटो न वाचता येण्याचा प्रश्न राहिलाच. त्याचं मूळ एका जुन्या निर्णयात आहे: बाहुली मोठी करणारे थेंब टाकायचे की नाही.

इंग्लंडच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने थेंब टाकून प्रत्येक डोळ्याचे ४५ अंशांचे दोन फोटो काढायचं ठरवलं. स्कॉटलंडने आधी थेंबांशिवाय एकच फोटो आणि तो खराब आला तरच थेंब, असा मार्ग धरला. ग्लूस्टरशायरच्या २००३ मधल्या अभ्यासात थेंबांशिवाय १९.७ टक्के तपासण्या वाया गेल्या, थेंब टाकल्यावर ३.७ टक्के.

थेंब टाळण्याची कारणं खोटी नाहीत. ट्रोपिकामाइड या नेहमीच्या थेंबांना बाहुली मोठी करायला २०-३० मिनिटं लागतात, पुढे काही तास जवळचं अंधुक दिसतं, दुचाकी चालवणं धोक्याचं असतं आणि परतीची एसटी थांबत नाही. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन अरुंद असेल तर डोळ्याचा दाब अचानक चढू शकतो. म्हणून थेंबांआधी कानशिलाच्या बाजूने टॉर्च धरतात. नाकाकडच्या अर्ध्या बुबुळावर सावली पडली, तर थेंब न टाकता रुग्णाला थेट डॉक्टरांकडे पाठवतात.

थेंबांशिवाय काढायचा तर खोली खरोखर अंधारी हवी. बाहुली साधारण ४ मिलिमीटरच्या खाली राहिली की फोटोची कड काळवंडते. पहिल्या फ्लॅशने दुसऱ्या डोळ्याचीही बाहुली आकसते, तेव्हा दोन-चार मिनिटं थांबावंच लागतं. रांग वाढली की नेमकं हेच थांबणं सुटतं.

आपल्याकडे गावात तपासणीला येणाऱ्यांत वयस्क बरेच आणि त्यातल्या अनेकांचा मोतीबिंदू शस्त्रक्रियेविना राहिलेला. अशा डोळ्याचा धूसर फोटो ही निव्वळ तांत्रिक चूक नसते, तो बहुधा रुग्णालयात पाठवण्याजोगा डोळा असतो. इंग्लंडमध्ये न वाचता आलेला फोटो असलेल्या माणसाला स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, तपासतात. फोटो वाचणाऱ्या संगणक-यंत्राच्या अचूकतेची टक्केवारी फक्त वाचता आलेल्या फोटोंवर काढली, तर यंत्र हुशार दिसतं आणि ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, तेच हिशेबाबाहेर राहतात. हे मान्य करता येणार नाही.

संगणकाने निदान सुरू झाल्यावर हा मुद्दा ठळक झाला. अमेरिकेने एप्रिल २०१८ मध्ये डॉक्टरांशिवाय निकाल देणाऱ्या पहिल्या यंत्रणेला परवानगी दिली. तिच्या चाचणीतही सुमारे २४ टक्के लोकांना थेंब लागलेच. थायलंडमधल्या दवाखान्यांत नर्सनी काढलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के गूगलच्या यंत्रणेने नाकारले. कारण ओळखीचं: खोलीत पुरेसा अंधार नाही. इंटरनेट धीमं असल्याने कामही रखडे. चांगला पण किंचित अंधुक फोटो माणूस वाचू शकला असता, तोही बाद झाला.

भारतात २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी आधी पाठवून नंतर वाचायच्या माहितीला जागा दिली, मात्र सल्ला आणि औषध देण्याचं काम नोंदणीकृत डॉक्टरांकडेच ठेवलं. यंत्रणा त्यांना फक्त मदत करू शकते. त्यामुळे आपल्याकडे न वाचता आलेल्या फोटोचं पुढे काय करायचं, हे ठरवणंही डॉक्टरांकडेच येतं. अहवालाच्या तक्त्यात त्यासाठी 'तपासले' आणि 'पाठवले' यांच्या जोडीला 'वाचता आला नाही' हा तिसरा रकाना लागतो, आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे पुढची तारीखही.