कारखान्यातली डिझेल टाकी: परवाना कधी लागतो आणि कागदपत्रे कोणती

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत जनरेटरसाठी २,००० लिटरची डिझेल टाकी बसवायची असेल, तर ऑर्डर देण्याआधी थांबा. ‘अडीच हजारांच्या आत आहे, परवाना कशाला?’ हे अर्धेच खरे आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेलला, म्हणजे (किती तापमानाला पेट घेते यावरून ठरणाऱ्या वर्गांपैकी) ‘ब’ वर्गाला, सूट मिळते ती दोन्ही अटी पाळल्या तरच: एका जागेवरचा एकूण साठा २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नको. २,००० लिटरची एकच टाकी दुसऱ्या अटीत अडकते. इथे टाकीची क्षमता बघतात. आत तेल किती आहे, याने फरक पडत नाही. जनरेटरलाच जोडलेल्या इंधन टाकीला मात्र वेगळी सूट आहे.

फौंड्रीत भट्टीसाठी फर्नेस ऑइल वापरत असाल तर ते ‘क’ वर्गात येते. त्याला नियमांप्रमाणे साठवल्यास ४५,००० लिटरपर्यंत परवाना लागत नाही.

१,००० लिटरपेक्षा मोठ्या डिझेल टाकीचा परवाना ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षिततेची केंद्रीय संस्था, देते. मुख्यालय नागपूरला, अर्ज ऑनलाइन. आधी जागेचा आणि टाकीचा नकाशा मंजूर करून घ्यायचा. त्यात आवाराभोवतीचा १०० मीटरचा परिसर दाखवावा लागतो. शेजारचे शेड, विजेची तार, रस्ता सुटला की त्रुटी निघते आणि नकाशा परत येतो. मग जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला. त्यासाठी नियमात तीन महिन्यांची मुदत आहे, पण पोलीस, अग्निशमन असे अभिप्राय मागवले जातात, तेव्हा पाठपुरावा स्वतःच करा. टाकीचे काम मंजुरी हातात आल्यावरच सुरू करायचे.

काम झाल्यावर नमुना ९ मधला अर्ज करायचा. सोबत मंजूर नकाशा, ना-हरकत दाखला, सक्षम व्यक्तीचे (पेसोची मान्यता असलेल्या तपासनीसाचे) टाकी चाचणी व सुरक्षितता प्रमाणपत्र, शुल्काची पावती आणि जागेचा कागद (एमआयडीसीचा भाडेपट्टा किंवा सातबारा).

तपासणीत बहुतेकदा डाईकच नडते. जमिनीवरच्या टाकीभोवतीच्या या भिंतीत सर्वांत मोठ्या टाकीतले सगळे तेल मावले पाहिजे. पावसाचे पाणी काढायचा व्हॉल्व्ह बाहेरून चालवता यावा आणि एरवी बंदच असावा. कोल्हापूरच्या पावसात पाणी साचते म्हणून तो उघडा सोडला, तर गळती झाल्यावर तेल थेट गटारात जाते. अर्थिंग टाकीच्या समोरासमोरच्या टोकांना, दोन स्वतंत्र जोडण्यांनी.