थंडीत फॅन लावून झोपणारे काका आणि कानातले रातकिडे

आमच्या गल्लीत एक काका आहेत, उभं आयुष्य पावरलूमवर गेलं, धोट्याचे माग, बारा बारा तासाची पाळी. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसात सोलापूरला पण पहाटे चांगलीच थंडी पडते, आणि हा माणूस अंगावर दोन चादरी घेऊन उशाला टेबल फॅन फुल्ल लावून झोपतो. काकू वैतागतात, "अहो चादरी पांघरायच्या तर फॅन कशाला लागतो तुम्हाला?" काका म्हणतात, फॅन बंद केला की कानात रातकिडे सुरू होतात.

याला डॉक्टर टिनिटस म्हणतात, आपण कान वाजतोय म्हणतो. कुणाला शिट्टी, कुणाला कुकरची वाफ, कुणाला नुसतं सूंऽऽ. बाहेर आवाज नाही पण ऐकू मात्र येतोय.

होतं असं की आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो, सोलापुरी माणसाला सांगायचं तर शेंगदाण्याएवढा, आणि त्यात साधारण १५ हजार बारीक केसाळ पेशी असतात. आवाजाने त्यांचे केस हलतात आणि मेंदूला सिग्नल जातो. या पेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. कोंबडीत येतात! १९८८ साली शास्त्रज्ञांनी पक्ष्यांमधे हे दाखवून दिलं, तेव्हापासून आपल्यात कसं जमवायचं यावर डोकेफोड चालू आहे.

तर पेशी मेल्या की त्या पट्टीचा आवाज मेंदूपर्यंत जायचा थांबतो. मग मेंदू काय करतो, मांडवातल्या साऊंडवाल्यासारखं, माईकवर कुणी बोलत नाही म्हणून आवाज वाढवत नेतो, आणि स्पीकरमधून सूंऽऽ यायला लागतं. टिनिटसचं आज सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण हेच आहे. म्हणून जी पट्टी ऐकू येईनाशी होते बहुतेकदा त्याच पट्टीची शिट्टी वाजते. आणि म्हणूनच शांततेत ती जास्त जाणवते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना साऊंडप्रूफ खोलीत बसवलं तर त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं, म्हणजे थोडंफार सूं सगळ्यांच्याच डोक्यात असतं, आपलं लक्ष नसतं एवढंच.

आता कारखान्याचा हिशोब बघा. ८५ डेसिबलमधे (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) ८ तास चालतं असं धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. धोट्याच्या मागांचं शेड ९५ ते १०० च्या घरात असतं आणि काका तिथे १२ तास, कानात काय तर फार फार तर कापूस, ज्याने फारसं काही होत नाही. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांनी पण हा हिशोब लावून बघावा.

बाकी कारणं म्हणजे वय, कानातला मळ (हे सगळ्यात सोपं, डॉक्टर काढून देतात, पण स्वतः पिन नाहीतर काडी घालू नका आणि तेल पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको), ॲस्पिरिनचा जास्त डोस, क्विनीन, जेंटामायसिन, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन. गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. एकाच कानात वाजत असेल, नाडीसारखं धडधड होत असेल, सोबत चक्कर असेल तर थांबू नका, तपासून घ्या. आणि अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी ईएनटीकडे पळा, कारण स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसातच जास्त होतो.

उपाय? शिट्टी बंद करणारी गोळी नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) वगैरेच्या महागड्या डब्यांवर पैसे घालू नका, अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मधेच नको म्हणून सांगितलंय. ऐकू कमी येत असेल तर मशीन लावल्याने बऱ्याच जणांना फरक पडतो, कारण मेंदूला हरवलेला आवाज परत मिळतो. सीबीटी नावाचं समुपदेशन असतं, त्याने आवाज तेवढाच राहतो पण त्रास कमी होतो. झोप नसली, टेन्शन असलं की शिट्टी जास्त छळते हे काका स्वतःच सांगतात. आणि खोलीत हलका आवाज चालू ठेवणे, म्हणजे काकांचा फॅन, त्यांनी आपला आपण शोधलेला!

हे सगळं काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, मग मोबाईलवर पावसाचा आवाज लावा की, गार वारं तरी लागणार नाही. तसा लावून पण दिला. दोन दिवसांनी काका परत फॅनवर. म्हणे, रात्रभर सोलापुरात पाऊस पडतोय हे काय मनाला पटत नाही, झोपच लागत नाही.