कीबोर्ड बदलला की ढोलकी का बदलते?

धुळ्यातल्या कीबोर्डवाल्याने एखाद्या अहिराणी गाण्याची चाल ढोलकीसकट रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर दिली आणि तीच फाइल जळगावात दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर लावली, तर ढोलकीच्या जागी बोंगो ऐकू येऊ शकतो. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात ढोलकीचा आवाज मुळात नसतोच.

ही मिडी फाइल. कुठल्या नंबरचा टोन (वाद्याचा आवाज) हवा, कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, अशा सूचनाच ती टिपते. मधली पांढरी एक म्हणजे ६०, जोर १ ते १२७. आवाज काढायचं काम समोरच्या कीबोर्डचं. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या वाद्यनिर्मात्यांच्या पुढाकाराने १९८३मध्ये ही पद्धत आली, ती वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता यावीत म्हणून. १९९१मध्ये १२८ टोनची सामाईक यादी ठरली: १०५वर सतार, १०६वर बँजो, ११२वर चक्क सनई! तालवाद्यांसाठी दहावं चॅनेल (फाइलमधली सूचनांची वेगळी वाट) राखलं, पण तिथे ना तबला, ना ढोलकी. याचं मला फार वाईट वाटतं. त्या चॅनेलवर ६० म्हणजे बोंगो. कीबोर्डच्या भारतीय किटमध्ये (तालवाद्यांच्या संचात) त्याच पट्टीवर कंपनीने ढोलकीची थाप बसवली असेल, तर दुसरीकडे ती बोंगोच होणार.

तरीही सरावाला मिडीसारखी सोय नाही. गाणारीला काळी दोन उंच जात असेल तर पांढरी एकवर उतरवा, लय कमी करा. आवाज जराही फाटत नाही.

गळा मात्र मिडीत मावत नाही. त्यासाठी वेव्ह फाइल, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाचं रेकॉर्डिंग, हवी. सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते, म्हणून स्टिरिओत मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. एमपी३ कानाला सहसा जाणवणार नाही तेवढं गाळतं आणि १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) मिनिट १ एमबीच्या आत बसवतं. गाळलेलं पुन्हा वेव्ह केल्याने परत येत नाही.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या बायांची खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या वेव्हमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ची वेगळी प्रत काढा. आणि कीबोर्डला माइक जोडून रेकॉर्ड करणार असाल, तर आधी दोन ओळी गाऊन, फाइल मोबाइलवर लावून ऐका. मिडीचं बटण दाबलं गेलं असेल तर साथ सगळी असेल, गळा नसेल.