गोळीला कागद कशाला? ठासणीच्या रायफलीची थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेतला आमचा भाचा सध्या ३२ कॅलिबरच्या (म्हणजे ०.३२ इंची नळीच्या) ठासणीच्या, म्हणजे तोंडातून ठासून भरायच्या, रायफलीवर प्रयोग करतोय. गोल गोळीऐवजी लांबट गोळी कागदात गुंडाळून भरतो आणि टार्गेटचे फोटो पाठवतो. इकडे सोलापुरात फोटो बघणारा प्रत्येकजण एकच विचारतो, गोळीला कागद कशाला ओ?

तोड्याच्या (जळत्या वातीने पेटवायच्या) बंदुकीपासून सुरू करत नाही, ते माहितीच आहे सगळ्यांना. नळीत आटे (आतल्या पिळदार खाचा) असले की गोळी फिरत सरळ जाते, पण तोंडातून भरायची तर गोळी नळीपेक्षा जराशी बारीक हवी, आणि बारीक गोळी आट्यांना धरणार कशी? उपाय म्हणजे चिंधी. पेनसिल्व्हेनियात गेलेल्या जर्मन कारागिरांनी १८व्या शतकात लांब रायफली बनवल्या, त्यात चरबी लावलेल्या कापडावर गोळी ठेवून गजाने ठासायचे. कापडाची जाडी बदलली की नेम बदलतो, हे आमच्या सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत वाढलेल्याला समजावून सांगायला नको. पुढे खारी-सशांसाठी ३२-३६ कॅलिबरच्या नळ्या आल्या. ३२ ची गोल गोळी जेमतेम ३ ग्रॅमची, शिसंही वाचतं आणि बंदुकीची दारूही.

आता काडतूस. शाळेत आपण सगळे शिकलो, १८५७, एनफिल्ड, गाय-डुकराची चरबी, दाताने तोडायचं. पण त्या काडतुसाची रचना कुणी सांगितलीच नाही. ती कागदाची नळकांडी होती, एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. दाताने तोडायचं ते दारूचं टोक, चरबी असायची गोळीच्या टोकाला. दारू ओतली की काडतूस उलटं करून गोळी कागदासकट नळीच्या तोंडात घालायची, वरचा उरलेला कागद फाडून टाकायचा आणि ठासायचं. म्हणजे तो चरबीचा कागद गोळीबरोबर आत जायचा. चिंधीचंच काम की! माझ्या मते ते काडतूस म्हणजे कागदी चिंधीची गोळीच, फक्त दारूसकट एका पुडीत बांधलेली. यावरून काही जण म्हणतात की मग शिपायांची तक्रार खोटी होती. मला ते अजिबात पटत नाही. चरबी हाताला लागणारच, कागदात पाझरणारच, आणि ती कुठल्या जनावराची हे वरच्यांनी आधी नीट बघायला नको होतं का? जानेवारी १८५७ मध्ये मेण-तेल स्वतः आणून लावा अशी परवानगी दिली, नंतर दाताऐवजी हाताने फाडायची कवायतही आली, पण तोवर तुकतुकीत कागदावरसुद्धा संशय बसला होता. एकदा विश्वास गेला की कागद कसलाही असो.

एनफिल्डची नळी ५७७ ची, म्हणजे ०.५७७ इंचाची. त्यानंतर इंग्लंडमध्ये लांब पल्ल्यासाठी ४५१ च्या (०.४५१ इंची) नळ्या आल्या आणि तिकडे त्यांनाच 'स्मॉल बोअर' म्हणायला लागले, आज तोच शब्द २२ कॅलिबरला वापरतात, म्हणून जुनं वाचताना हमखास गोंधळ होतो. या ४५१ मध्ये कागदात गुंडाळलेल्या गोळीचं खरं चीज केलं ते एका रेल्वे इंजिनिअरने. गंमत म्हणजे हा माणूस १८५७ मध्ये रेल्वेच्या कामावर भारतातच आला होता. उथळ आटे, कडक गोळी आणि वर पातळ कागद अशी त्याची पद्धत.

१८७४ ला न्यूयॉर्कजवळच्या नेमबाजीच्या सामन्यात आयरिश संघ ठासणीच्या रायफली घेऊन उतरला, अमेरिकन मागून भरायच्या. ८०० ते १००० यार्ड, निकाल ९३४–९३१, अमेरिका जिंकली. एका आयरिश नेमबाजाने एक गोळी दुसऱ्याच टार्गेटवर मारली होती! तीन पॉइंटांनी हरल्यावर ठासणी मागासलेली म्हणणं जरा जास्तच होतं, पण जमाना पुढे गेलाच.

भाच्याची अडचण वेगळीच आहे. ३२ च्या नळीचे आटे गोल गोळीसाठी पाडलेले असतात, साधारण ४८ इंचात एक फेरा. लांबट गोळीला जास्त फिरकी लागते, त्या ४५१ च्या एका प्रसिद्ध रायफलीत २० इंचात एक फेरा होता. म्हणून तो गोळी जरा आखूड करून बघतोय, कागद पातळ करून बघतोय.

आपल्याकडे हे करून बघायचा प्रश्नच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख येतो तो पिकाच्या राखणीसाठी, तोही परवाना काढूनच. आणि ज्वारीच्या राखणीची बंदूक म्हणजे बिनआट्यांची नळी. चिंधी तिच्यातही कोंबतात, पण ती दारू दाबून बसावी आणि छर्रे सांडू नयेत म्हणून.