क्रोमच्या ग्रिलवर रंग का टिकत नाही

चकचकीत क्रोमची ग्रिल, दारावरची पट्टी किंवा डिकीवरचा दांडा काळा करून घ्यायची टूम सध्या जोरात आहे. स्प्रेचा डबा कुठेही मिळतो आणि फवारल्यावर तासाभरात काम फक्कड दिसतं. पुढे कधीतरी प्रेशर वॉशरचं पाणी एखाद्या कडेत शिरतं आणि रंगाचा अख्खा पापुद्रा सुटून येतो. खाली क्रोम जसंच्या तसं लख्ख! यात दोष सहसा रंगाचा नसतो. पार्ट प्लॅस्टिकचा म्हणून त्यावर प्लॅस्टिक प्रायमर मारलेला असतो, पण रंगाला धरायला मिळतो तो पृष्ठभाग धातूचा असतो.

हे प्लॅस्टिक बहुधा एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक असतं. त्यात रबराचे अतिसूक्ष्म गोळे विखुरलेले असतात. पारंपरिक पद्धतीत क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात पार्ट बुडवला, की पृष्ठभागावरचे हे गोळे विरघळतात आणि त्यांच्या जागी खळगे उरतात. धातू या खळग्यांत रुतून बसतो. आधी विजेशिवाय, रासायनिक क्रियेनं निकेल किंवा तांब्याचा पातळ थर, मग विजेच्या साहाय्यानं तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम. तांबं आणि निकेल काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ते वीस-पंचवीस मायक्रॉन जाडीचे असतात, क्रोमियम मात्र जेमतेम पाव मायक्रॉनच्या आसपास. आरशासारखी झळाळी मुख्यतः खालच्या निकेलमुळे येते. क्रोमियमचं काम राखणदाराचं. हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीची ऑक्साइडची साय धरते. ती डाग पडू देत नाही आणि त्याच गुणामुळे रंगालाही थारा देत नाही. एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमर, त्यातलं फॉस्फरिक आम्ल लोखंड, अॅल्युमिनियम, जस्त यांना खातं, या सायीपुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही. म्हणून उपाय उरतो तो घासण्याचा आणि वर दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचा.

आधी पार्टवर खरं क्रोम आहे का, ते मल्टिमीटरनं पाहावं. कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकं एकदोन सेंटीमीटर अंतरावर टेकवावीत. बीप वाजला तर वर उघडा धातू आहे. वाजला नाही तर बहुतेक वेळा निर्वात यंत्रात चढवलेला अॅल्युमिनियमचा पातळ थर आणि त्यावर लॅकर असतं. तिथे लॅकर शाबूत असेल तर ८०० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हातानं फिरवून प्रायमर मारता येतो.

खऱ्या क्रोमसाठी पार्ट गाडीवरून काढून घ्यावा आणि साबणाच्या पाण्यानं धुवावा. मग वॅक्स आणि ग्रीस काढणारं द्रावण एका फडक्यानं लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसायचं. हे घासण्याआधीच करायचं, नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर इथे नको. पुढची बाजू क्रोममुळे वाचते, पण मागे आणि क्लिपांपाशी उघडं एबीएस असतं. ते विरघळतं किंवा तडकतं.

मग पाणी लावून ३२० नंबरचा पेपर, त्यावर ४०० ते ६००, आणि खाचांमध्ये करडं स्कॉचब्राइट. उजेडात तिरपं धरून पाहावं. जिथे चमक राहिली, तिथूनच पुढे रंग सुटणार. सगळं क्रोम काढायची गरज नाही, ते एकसारखं निस्तेज झालं की पुरे. घासताना निळसर पांढऱ्याखाली पिवळट छटा दिसली तर निकेल लागलं, तांबूस दिसलं तर तांबं, आणि त्याखाली प्लॅस्टिक. कडांवर पेपर दाबला की हे फार लवकर होतं. फोड आलेला भाग मात्र पक्क्या थरापर्यंत सोलून १८० नंबरनं कडा उतरवाव्यात. सुटलेल्या धातूच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, हातमोजे हवेतच. पार्टवरचं क्रोमियम धातुरूप असतं. ज्या सहा-संयुजी क्रोमियमची धास्ती घेतली जाते, ते प्लेटिंगच्या टाकीत असतं. पण निकेलची भुकटी अॅलर्जी करते, त्यामुळे कोरडा ग्राइंडर नकोच.

हायड्रोक्लोरिक आम्लानं क्रोम उतरतं हे खरं, पण निकेल जागेवरच राहतं आणि धातूमिश्रित घातक पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न उरतो. अशा आम्लात ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. घरी या वाटेला जाऊच नये.

इपॉक्सीत हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, मापाच्या कपानं घालायचा. दोन पातळ हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. पहिला हात कडांपासून सुरू करावा, कारण पृष्ठताणामुळे ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि थर तिथेच सर्वांत पातळ पडतो. सोललेल्या जागेचा खळगा टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या, दोन घटकांच्या) सरफेसरनं, म्हणजे भर घालणाऱ्या जाड प्रायमरनं भरावा. लवचिक पट्टीवर पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) तडकते. त्यानंतर बेसकोटचे, म्हणजे मूळ रंगाचे दोन-तीन हात आणि वर टू-के क्लिअर या पारदर्शक थराचे दोन. टू-के सरफेसर आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. वास आला नाही तरी ते फुप्फुसांना बाधतं आणि धुळीचा मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. हवेशीर जागा आणि बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम पेंट बूथवाल्याकडे द्यावं. कोकणात पावसाळ्यात लवकर उडणारा थिनर वापरला तर पृष्ठभाग थंड होऊन त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळतो.

वाळवताना ६० अंशांपुढे जाऊ नये. एबीएस तापमानानुसार निकेलच्या सहा-सात पट पसरतं. अर्धा मीटरची सुटी पट्टी ४० अंशांच्या फरकानं सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढेल, तेवढंच निकेल पाव मिलिमीटर. हा ताण प्लेटिंगची पकड झेलते. पकडच गेली असेल तर वरचा रंग काय करणार?

रडार असलेल्या गाडीचा पुढचा लोगो आणि एअरबॅगचं झाकण रंगवू नये. एकाच्या लहरी अडतात, दुसऱ्याचं उघडणं बिघडू शकतं.

आठवड्यानं मागच्या, न दिसणाऱ्या जागी ब्लेडनं २ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या रेषा मारून २५ चौकोन करावेत. टेप दाबून झटकन ओढावी. काही सुटलं तर टेपवर काय आलं ते पाहायचं. प्रायमरसकट रंग आला आणि खाली क्रोम दिसलं, तर घासणं किंवा पुसणं कमी पडलं. प्रायमर जागेवर राहून नुसता रंग आला, तर प्रायमरवर रंग मारायची वेळ टळून गेली होती आणि मध्ये ६०० नंबर फिरवायचा राहिला. टेपवर धातूच आला, तर मूळ प्लेटिंग सुटलंय. तिथे सोलण्यापासून पुन्हा सुरुवात करावी, नाहीतर नवा पार्ट घ्यावा.