नैतिक कथानक डावलणे (रोलप्लेइंग खेळ)

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या खेळांत, गेम मास्टरने (गोष्ट रचून खेळ चालवणाऱ्याने) योजलेला नैतिक पेच किंवा बोध खेळाडूंनी बाजूला सारून आपल्याच वाटेने जाण्याचा प्रकार. गाव वाचवायला नेमलेली टोळी गावाचीच तिजोरी फोडते. शरण आलेल्या शत्रूला क्षमा करावी की नाही हा प्रश्न पुरता मांडून होण्याआधीच तलवार चाललेली असते. दिसेल त्याला मारत आणि लुटत भटकणाऱ्या पात्रांना खेळाडूंच्या बोलीत ‘मर्डरहोबो’ म्हणतात.

दोष बहुधा खेळाडूंच्या वृत्तीला दिला जातो, पण आधी नियम पाहावेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१च्या बेसिक आवृत्तीत गुहेतून बाहेर आणलेल्या खजिन्यातील सोन्याच्या प्रत्येक नाण्याला १ अनुभव-गुण, म्हणजे एक्सपी मिळतो; पात्राची लेव्हल याच गुणांवर वाढते. गॉब्लिनला, म्हणजे खुज्या राक्षसाला, मारून किंवा युक्तीने नमवून मिळतात अवघे ५. फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, दुसरी लेव्हल गाठायला २,००० एक्सपी लागतात: एकतर ४०० गॉब्लिन, नाहीतर २,००० नाणी. अनाथाला घरी पोचवण्याचे गुण कोष्टकात नाहीत. अशा हिशेबात तिजोरी फोडणारा खेळाडू नियम नीट वाचलेला असतो, एवढेच.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ (सीमेवरचा किल्ला, १९७९) या तयार छापील साहसात हा पेच फार लवकर दिसतो. ऑर्क नावाच्या राक्षसांच्या गुहेत न लढणाऱ्या माद्या आणि पिल्ले आहेत. त्यांचे काय करायचे, हे खेळणाऱ्यांवर सोडले आहे. आणि किल्ल्यातल्या धनाचेही तपशील दिलेले असल्याने, किल्ल्याचे रक्षण करण्याऐवजी तो लुटण्याचा बेतही तिथेच शिजतो.

दुसरे कारण माहितीचे. गॉब्लिन उपाशी आहेत म्हणून धाड घालतात, हे गेम मास्टरला ठाऊक असते. पुरावा मात्र एकाच रोजनिशीत, तीही गॉब्लिनांच्या भाषेत. खेळाडू ती जाळून शेकोटी करतात आणि सगळा बोध धुरात जातो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षासाठी किमान तीन स्वतंत्र दुवे ठेवावेत: रिकामे कोठार, बरगड्या दिसणारी प्रेते, तोडकीमोडकी सामायिक भाषा बोलणारा कैदी.

बोलायला उसंतही हवी. बेसिक आवृत्तीत भेट होताच दोन सहा-बाजूंच्या फाशांवर समोरच्याची प्रतिक्रिया ठरते. २ आले तर तत्काळ हल्ला, १२ आले तर मैत्री. पहिला गडी पडल्यावर आणि अर्धी टोळी गारद झाल्यावर ऐच्छिक मोराल-तपासणी असते, म्हणजे शत्रूची हिंमत टिकते का हे त्याच दोन फाशांवर पाहतात. गॉब्लिनांचे मोराल ७, म्हणजे ८ किंवा जास्त आले की ते कच खातात, आणि हे ३६पैकी १५ वेळा घडते. ही दोन्ही कोष्टके गाळली की प्रत्येक भेट शेवटच्या श्वासापर्यंतची लढाई होते, आणि मग दयेचा प्रश्न विचारायला कोणी जिवंत उरत नाही.

काही खेळांनी नीतीच आकड्यांत बांधली. आर्थर राजाच्या सरदारांच्या ‘पेंड्रॅगन’ या खेळात (१९८५) दयाळू–क्रूर अशा विरुद्ध स्वभावांच्या १३ जोड्या असून प्रत्येक जोडीची बेरीज २० असते. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’मध्ये (१९९१) माणुसकीचा आकडा शून्यावर आला की पात्र खेळाडूच्या हातून जाते.

खेळाडूंना बळेच ठरल्या वाटेवर ढकलणे, म्हणजे रेलरोडिंग, हा सर्वांत वाईट इलाज. अचानक अजिंक्य पहारेकरी उभे केले की खेळाडू पुढच्या वेळी त्यांनाच मारायची तयारी करून येतात. त्यापेक्षा कॅम्पेनआधीच्या (अनेक बैठकांच्या सलग खेळाआधीच्या) ‘सेशन झिरो’ या बोलणीच्या बैठकीत विचारावे: लूटमार करायची की वीरकथा? मधेच बिनसले तर खेळ पाच मिनिटे थांबवून, पात्रांशी नव्हे, माणसांशी बोलावे.